टाचेखालचं पॅकिंग

इंदुमती : कपाट धरा, कपाट! परत मागे झुकलात.

दत्तात्रय : मी नाही झुकलो. तुझ्या चपला झुकवतायत.

इंदुमती : जवाहर चौकातून मुद्दाम मागे पट्टा असलेल्या आणल्या. उद्या भाचीच्या लग्नात कारखान्याचे बूट घालून अक्षता टाकणार?

दत्तात्रय : अगं, हा नकली पाय बुटाच्या टाचेच्या उंचीला बसवलाय. टाच खाली गेली की माणूस मागे. सीधी बात.

इंदुमती : मग पाय बनवणाऱ्या सेंटरवाल्यांकडून चपलेला बसवून घ्या. सोमवारपासून कारखान्याच्या स्टोअरमध्ये खुर्चीवरच तर बसायचंय, तिथे कोण बूट बघतंय?

दत्तात्रय : पुन्हा कशाला तकलीफ त्यांना...

इंदुमती : थांबा. पायाचं माप द्यायला कारखान्याचे सेफ्टी शूज घालून गेला होतात?

दत्तात्रय : समोर होते, घातले.

इंदुमती : समोर? अपघातानंतर मीच ते माळ्यावर टाकले होते, ट्रंकेच्या मागे. एका पायावर माळ्यावर चढलात?

दत्तात्रय : श्रीकांतने काढून दिले.

इंदुमती : श्रीकांतभावजी? स्वतःचा चष्मा शोधायला बायकोला हाक मारणारा माणूस! फुकट नाही चढायचे. काय सांगितलंत त्यांना?

दत्तात्रय : हेच, की या बुटांशिवाय मशीन शॉपमध्ये, माझ्या जुन्या कामावर, पाऊल टाकू देत नाहीत.

इंदुमती : म्हणजे सोमवारी साहेबांना खुर्ची नको म्हणणार. आणि हे भावजींना माहीत, मला नाही.

दत्तात्रय : इंदू, स्टोअरमध्ये येणारा प्रत्येक जण आधी पाय बघणार, मग सामानाची चिठ्ठी देणार. शॉपमध्ये आधी काम बघतात.

इंदुमती : आणि घसरलात म्हणजे? अयोध्या नगरच्या वळणावर स्कूटर तुमची पडली, पण ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मी बसले होते.

दत्तात्रय : म्हणून तर विचारायची हिंमत झाली नाही.

(इंदुमती बूट उचलून खिडकीशी नेते.)

इंदुमती : या उजव्या बुटावर पीठ कसलं?

दत्तात्रय : कुठे?

इंदुमती : हे काय, शिवणीत. सकाळी पिठाचा डबा चक्कीवाल्याने वर पोचवला ना?

दत्तात्रय : असं तू म्हणालीस. मी फक्त नाही म्हणालो नाही.

इंदुमती : भरलेला डबा? एवढा जिना? आणि कठडा कोणत्या हाताने धरलात?

दत्तात्रय : डबा दोन्ही हातांत होता.

(इंदुमती शिवणीतलं पीठ बोटाने झाडते.)

दत्तात्रय : रागावलीस?

इंदुमती : मशीन तिरकं बसलं तर तुम्ही लोक काय करता?

दत्तात्रय : खाली पॅकिंग घालतो. पातळ पट्टी सरकवली की लेव्हल.

इंदुमती : मग या चपलेत टाचेखाली रबराचं घाला काहीतरी. लग्नात बूट मी चालवून घेणार नाही.

दत्तात्रय : घालतो की. पण आत्ता तर सेंटरला जा म्हणत होतीस, पायच चपलेला बसवून घ्या.

इंदुमती : पायाला हात लावू नका. तो सोमवारी शॉपमध्ये लागेल.