दारात अडलेली पालखी

भागोजी : लॅपटॉप पिशवीत कशाला भरत्येस गो?

ऋतिका : किशोरदादाचा आहे, त्याला परत करते. उद्या मुंबईला मामाकडे चाललेच आहे, जाताना देऊन टाकीन.

भागोजी : आनि गेम?

ऋतिका : नाही बनवायचा आता. नाय होत माझ्याच्यानं, बाबा.

भागोजी : परवापरेंत तर भाकरी गार व्हायची, पन तू त्याच्याम्होरनं उठायची नायस.

ऋतिका : परवापर्यंत वाटत होतं, होईल. तो व्हिडिओतला सर सारखा सांगतो, नवीन आहात ना, मग छोटंसं काहीतरी करा, पण पुरं करा. एक पुरं झालं की हुरूप येतो. माझं एक तरी पुरं झालं का? माकडाच्या उड्यांचा गेम अर्धा सोडला. मग घाटातल्या गाडीचा केला, ती गाडी वळणावर वळायचीच नाही, सरळ दरीत. आता हा शिमग्याच्या पालखीचा. पूजा आणि मी एकदम शिकायला लागलो होतो. तिनं केव्हाच सोडलं, महाडला साड्यांच्या दुकानात लागली. परवा एसटी डेपोत भेटली तर म्हणते कशी, 'अजून खेळतेच आहेस का गं?'

भागोजी : पूजाचं पूजापाशी. तुझी पालखी चालत व्हती की! मी सोता नेली भिकाजीच्या दारात. ह्या बोटानं.

ऋतिका : भिकाजीकाकांपर्यंत चालते. पहिला मान त्यांचा. काकू बाहेर येते, देवीची ओटी भरते, पालखी उठते. मग साळूबाईचं घर, तिथंही तसंच. मग आपलं घर येतं आणि पालखी दारात बसते ती बसतेच.

भागोजी : का म्हनून?

ऋतिका : तूच सांगितलंस ना? घरच्या बाईनं ओटी भरल्याबिगर पालखी दारातनं उठत नाय. मी तोच नियम घातला. ओटी भरली तरच पुढची वाट उघडणार. आता आपल्या दारात कोण येणार ओटी भरायला?

भागोजी : तुझ्या आयला आन की.

ऋतिका : तिलाच आणत होते! साडी जमते. अंबाडा जमतो. हातातलं सूपसुद्धा जमलं, नारळ, खण, तांदूळ, सगळं. तोंड काढलं की ती दुसरीच कुणीतरी होते. भिकाजीकाकांकडची काकू न् साळूबाई शेजारच्याच शेडमध्ये राहतात, रोज समोर दिसतात, त्यांची तोंडं काढता येतात. आईचं कशावरून काढू? होते नव्हते ते फोटो भिंतीवर होते, ते भिंतीबरोबर गेले.

भागोजी : तुझ्या मोबाइलात असंल एखादा.

ऋतिका : एक आहे. पाठमोरा, चुलीशी बसलेली. फोटो काढायला गेलं की पदर ओढून घ्यायची ना ती.

भागोजी : व्हय. लगीन झालं त्या फोटोतपन खालीच बघत व्हती.

ऋतिका : परवा काढलेली हसरी झाली. देवीसमोर अशी कधी हसली होती का ती? रागानं पुसून टाकली. आणि पुसल्यावर, बाबा, इतकं रडायला आलं... जणू मीच तिला पुन्हा घरात ढकलली.

भागोजी : असं बोलू नको.

ऋतिका : मग काय बोलू? सकाळी उठून मी त्या डोंगराखाली गेलेलं घर उभं करायचं. एकेक कौल लावायचं. संध्याकाळी बंद करायचं की ह्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण दोघंच. त्या सराला काय जातंय सांगायला, मन लावून करा!

भागोजी : मंग असं कर, आपलं घर वगळ. सुतक असलं की पालखी त्या दारात जात नाय, वाटेवरनंच म्होरं जाते.

ऋतिका : आपलं सुतक कधीच फिटलं. आणि सुतकच धरायचं तर मुरारीकाकांचं घर वगळ, पांडूदादाचं वगळ, अख्खी वरची आळी वगळ. मग पालखी देवळातनं काढायचीच कशाला?

भागोजी : खरी तरी कुठं चढते आता वर! दरड आली तवापासनं शिमग्याला खाली शाळेशीच बसवतात. खालूबाजा वाजतो, पन वर जायाची वाट आली की सगळी माना फिरवतात. म्हनून तर मी तुला म्हटलं, ह्याचा गेम कर. मला एकदा ती शेवटच्या दारापरेंत न्यायचीय. माझ्या खांद्यावर घट्टा हाय गो तिचा अजून.

ऋतिका : माहीत आहे मला.

भागोजी : मी तवा मुंबैला गाळ्यात पार्सलं बांधत व्हतो. टीव्हीवर डोंगर दावला. बाजूवाल्याला म्हटलं, कुनाची वाडी रे बिचाऱ्यांची... उघड तो लॅपटॉप. जायचंय तर जा, पन आज एकदा दाव.

(लॅपटॉपमधून खालूबाजा वाजू लागतो.)

भागोजी : नाचवायची कंच्या बटनानं?

ऋतिका : हे लांबडं. हळू दाब, कलंडते.

भागोजी : कलंडू देतो व्हय मी! हे भिकाजीचं झालं... ही साळूबाई. तिची वेनी बरोबर काढलीस बघ. आता आपलं आंगन. तुळस काढलीस?

ऋतिका : काढली.

भागोजी : बसली पालखी. ... दार उघडं ठेवलंयस.

ऋतिका : बंद करवेना.

भागोजी : ऋतिका, आय नसली की ओटी घरची लेक भरते. तू ये भायेर.

ऋतिका : मी?

भागोजी : तू नाय तर कोन?

ऋतिका : मी नव्हते रे घरात! परीक्षा म्हणून महाडला राहिले होते. जिथं मी नव्हतेच, तिथं कशी उभी राहू? लाज वाटते मला.

भागोजी : नव्हतीस म्हनून तर येशील. घरात व्हती ती कशी येनार भायेर?

(ऋतिका लॅपटॉपवर वाकून रडू लागते.)

भागोजी : रड. पन बटन नको दाबू, पालखी हलंल.

ऋतिका : माझंही तोंड मला कुठं काढता येतंय?

भागोजी : आरसा हाय की खुंटीला. आनि नाक तर तिचंच हाय तुझं. जमंल तेवढं जमंल.

ऋतिका : मामा उद्या स्टँडवर घ्यायला येईल.

भागोजी : त्याला मी फोन करतो. सांगतो, शिमगा झाल्यावर येईल.

ऋतिका : तिची ती हिरवी साडी नेसवते मला. तीच येते मला काढता.

भागोजी : नेसव.

ऋतिका : पण बाबा, पुढचं दार मुरारीकाकांचं. तिथं तर लेकसुद्धा उरली नाही. तिथं कोण येणार?

भागोजी : तिथंपन तूच ये.

ऋतिका : आणि पांडूदादाच्या दारात?

भागोजी : तिथंपन. वरच्या आळीत सगळीकडं तूच. फकस्त दर दाराला साडी बदल गो. देवीला कळाया नको.