अस्थिकलश नव्हे, मोजमापाचं भांडं

मी, इरावती श्रेयस वैद्य, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, राहणार मुलुंड पूर्व. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी की,

घाटकोपरच्या एका रुग्णालयात मी कॅन्सरच्या उपचारातले किरण मोजते. प्रोस्टेटच्या गाठीत तांदळाच्या दाण्याएवढ्या किरणोत्सर्गी सीड्स रोवतात. रोवण्याआधी त्यांची ताकद आम्ही स्वतः मोजतो. ज्या धातूच्या भांड्यात मोजतो त्याला वेल चेंबर म्हणतात. त्यात नुसती हवा असते, धोक्याचं काही नसतं. हे पोलीस ठाण्यातल्या साहेबांना मी तीनदा सांगितलं आहे.

सोमवारी हे भांडं ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून तपासून परत आणताना मी रिक्षात विसरले. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर गाठ मारली होती. रुग्णालयाच्या गेटवर मी फोनवर बोलत उतरले. दुसऱ्या दिवशी श्री. धोंडू तावडे, वय ६८, यांचं ऑपरेशन होतं. सीड्स वेळेवर न आल्याने ते आधीच एकदा पुढे गेलं होतं. भांडं नाही तर मोजमाप नाही, मोजमाप नाही तर ऑपरेशन नाही. तक्रार त्याच संध्याकाळी दिली. घरी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

मंगळवारी सकाळी रुग्णालयाच्या गेटवर रिक्षाचालक बाळा परब, राहणार असल्फा, मला शोधत उभे होते. भांडं त्यांच्या हातात, भांड्याला झेंडूचा हार. मला बघून म्हणाले, "बाये, रडां नको. जाणारो गेलो." मी रडत होते हे खरं आहे, पण कारण वेगळं होतं. अस्थी समजून त्यांनी भांडं घरात नेलं नव्हतं. रात्रभर गॅलरीत टांगून खाली पणती लावली होती. येताना प्रवाशांनी शिवू नये म्हणून सीटमागे, इंजिनावरच्या खणात ठेवलं होतं. मी म्हटलं, "काका, यात कोणी नाही हो. हवा आहे." त्यांना ते पटलं नाही.

मी धावत थिएटरमध्ये गेले आणि मोजायला घेतलं. सीड्सच्या दाखल्यावर होता त्यापेक्षा आकडा चार टक्के कमी आला. ऑपरेशन करणाऱ्या डॉ. क्षमा म्हणाल्या, "इरा, वाट लागली. पुढे ढकलूया का?" पेशंट बाहेर स्ट्रेचरवर होते. मी भांड्याला हात लावला तर ते गरम. आतली हवा तापून विरळ झाली की आकडा कमी येतो, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते. आनंदाच्या भरात मीच ते निवू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "क्षमा, थांब गं. इंजिनावर बसून आलंय ते." भांडं निवेपर्यंत सगळे थांबलो. पुन्हा मोजलं. सीड्सबरोबर आलेल्या दाखल्याशी आकडा जुळला. मी ओरडले. थिएटरमध्ये ओरडत नाहीत.

सगळ्या सीड्स ठरल्या जागी बसल्या. भूल कमरेखालीच दिलेली, त्यामुळे तावडे शुद्धीत होते. त्यांना बाहेर आणलं तेव्हा परब दारात उभे होते, ते गेलेच नव्हते. मी ओळख करून दिली. परब जरा घुश्श्यातच म्हणाले, "रातभर तेका नमस्कार केलंय, तो फुकट गेलो." तावडेही त्यांच्याच मुलखातले, कुडाळचे निघाले. झोपल्या झोपल्या हात जोडून म्हणाले, "फुकट कसो? माका लागलो."

परब यांच्या जबाबात 'अस्थिकलश' लिहिलं आहे, तिथे 'वेल चेंबर' करावं ही विनंती. हाराची नोंद राहू द्यावी. भांडं मला मिळालं, कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हवालदार रुचिरा राणे यांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच लिहिला आहे. वाचताना त्या दोनदा हसल्या, तेवढं लिहायचं राहिलं आहे.