बिगर चूलनं ऊन पाणी

शहाद्याहून उनपदेवच्या गरम झऱ्याकडे निघालेली जीप. समोर मांडीवर रिकामी कॅन धरलेले म्हातारबा आणि शेजारी त्यांच्याच गावची सून.

"आप्पा, दर साल गजरामावशीना गुडघासाठे पाणी लई गयात. तिले कधी संगे लयनात नै?"

"म्हशीजोडे कोनी पाहिजे ना. घर जावालोंग पाणी गार व्हई जाये. मंग गजरा चूलवर तपाडे."

"ती काही म्हने नै?"

"म्हने, चूल नै, लाकडं नै, तरी पाणी ऊन कसं निंघस, माले एकदाव दखाडा."

"मंग?"

"मी म्हनू, हाईच ते पाणी शे."

"मावशीले जाईसन सा महिना व्हई गयात, आप्पा. आते कॅन कोनासाठे?"

"घरथून निंघताना हातमा ली लिधी. जीपमा बसनू, तवय ध्यानमा उनं."