पत्रिकेवर टेकलेलं बोट

टॅबवर सगळं होतं, हे मला तरी सांगू नका. चौक गावात माझं लग्नपत्रिकांचं दुकान. मीही जुना कॉम्प्युटर माळ्यावर टाकून ऐटीत टॅब घेतला. पहिलीच पत्रिका तपासायला पळसदरीहून मुलाकडची सात माणसं आली. थोरल्या काकांनी सवयीने स्क्रीनवर बोट टेकवलं. "माझं नाव खाली कशाला रं? वर पायजे!" म्हणत बोट वर सरकवलं, तर नाव थेट नवरदेवाच्या जागी!

काकू म्हणाल्या, "येवढीच हौस ऱ्हायली व्हती!"

पण बाकीच्यांना युक्ती कळली. जो तो आपलं नाव वर ढकलू लागला आणि नवरदेवाचं नाव पत्रिकेबाहेर गेलं.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर खाली उतरवला. त्याच्या काचेवर कितीही बोटं घासा, कुणाचा मान वाढत नाही.