मागायला कोणी आलं होतं का?

नाही, मला एक सांगा, थकबाकीदार म्हणजे कोण? ज्याच्या दारात माणूस पैसे मागायला येतो आणि जो आतूनच 'घरी नाहीत म्हणून सांग' म्हणतो, तो ना? मग माझ्याकडे मागायला कोणी आलं होतं का? तुम्हाला सांगतो, धुळ्यात आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. माझे वडील निर्मलकुमार शेठ, बाबूजी, यांनी उभ्या जन्मात ज्याचं देणं दिलं त्याला गादीवर बसवून, चहा पाजून दिलं. बाजाराची रीतच ती... ज्याचं येणं असेल तो येतो, पाऊसपाण्याचं बोलतो, पोराबाळांची चौकशी करतो आणि उठता उठता हळूच म्हणतो, "शेठ, तेवढं आपलं..." की झालं! या वळणात वाढलेला मी. सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी डब्लिनला गेलो, मोबाइलचं सिम काढून मम्मीच्या बटणांच्या डबीत टाकलं, म्हटलं संपला विषय. शेवटचं बिल राहिलंय हे मला काय तिकडे स्वप्नात दिसणार?

यंदा परत आलो तो घर घ्यायला. नवं नाही हो, आम्ही जन्मभर भाड्यानं राहतोय तेच. घरमालक झुलालआबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "देख अमन, मना पोऱ्याले पैसा लागस. आखाजीलगून थांबसू, मंग दुसराले दी टाकसू." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आलेली; तोवर पैसे दिले नाहीत तर घर दुसऱ्याला विकणार. मम्मी या घरात नवरी म्हणून आली होती. त्या दिवसापासून ती जेवेना धड. निम्मे पैसे माझ्याकडे होते, निम्म्यासाठी बँकेत गेलो.

तिथल्या भूमिका मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, तुम्ही डिफॉल्टर आहात. मोबाइल बिल, तीनशे सेहेचाळीस."

"हजार?"

"नाही, नुसतेच."

मी म्हटलं, मॅडम, माझ्या वडिलांच्या नुसत्या शब्दावर या गावात ट्रक रिकामे होतात. तर म्हणते कशी, "सर, फॉर्ममध्ये शब्दाचा रकाना नाहीये." घ्या! मी विचारलं, मागायला कोणी आलं होतं का? म्हणाली, ईमेल आले असतील. ईमेलला काय चहा विचारायचा?

चौकशी केली तर ती बाकी जळगावच्या एका वसुलीवाल्या कंपनीकडे गेलेली. मी फोनवरूनच भरणार होतो हो, पण बाबूजी म्हणाले, "देणं असं भिरकावतात का? समोर बसून मिटवायचं." मग बस, मग पारोळा, मग जळगाव, मग पिंप्राळ्यात एका ब्यूटी पार्लरच्या वरचं ऑफिस. तिथल्या सविताताई सहज म्हणाल्या, "शेठजी, सेटलमेंट करून टाकू या का? थोडं कमी करू." कमी! आमच्या बाबूजींसमोर 'कमी' म्हणाल्या! त्यांनी उपरणं सारखं केलं, मांडी घातली, तीही खुर्चीवर. "दोनशे." "अहो, तीनशे तरी..." बाबूजी उठून जिन्यापर्यंत गेले, ताईंनी परत बोलावलं, शेवटी दोनशे एकवीसवर जमलं. मी मागून 'पूर्ण देऊन टाकू' म्हणतोय, तर माझ्यावरच डोळे वटारले. परतीच्या बसमध्ये अनोळखी माणसांना सांगत होते, "सव्वाशे सोडवले."

कागद घेऊन बँकेत गेलो. भूमिका मॅडमनी कपाळावर हात मारला. "सर, 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण दिले नाहीत असाच अर्थ. आता कर्ज कठीण आहे. पूर्ण भरायचे होते ना!"

सविताताईंना फोन लावला. म्हटलं, उरलेले सव्वाशे घ्या. "सर, तुमचं खातं बंद झालंय. घेता येत नाहीत." अहो, मी देतोय! "नाही घेता येत." वा रे न्याय... पैसे दिले नाहीत म्हणून नाव काळं केलं आणि आता देतोय तर घ्यायला तयार नाहीत! आजही छातीवर हात ठेवून सांगतो, मी थकबाकीदार नाही. मागायला कोणी आलं होतं का?

आखाजी तोंडावर आली. मम्मी भांडी खोक्यात भरायला लागली, ते बघवेना. त्या सकाळी बाबूजी बाजारात गेले आणि संध्याकाळपर्यंत निम्मे पैसे उभे करून आले. ना फॉर्म, ना सही. घर झालं आमचं. मम्मी खोकी उघडताना रडली, मीही रडलो, लाज कसली त्यात!

पण पैसे देणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं बाबूजींना बाजूला घेऊन एकच अट घातली म्हणे. "शेठ, सवडीनं द्या, तुमची काळजी नाही. फक्त व्यवहारात अमनला आणू नका. पोरगा देणं अर्धवट ठेवतो असं ऐकलंय." आणि आमचे बाबूजी, ज्यांनी जिन्यापर्यंत जाऊन ते सव्वाशे सोडवले होते, ते काय म्हणाले असतील?

म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे."