वहिनीची चादर

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी बहिणीची वाट पाहत बसलो होतो. पाठीमागच्या बाकावर एक आई आणि लग्न ठरलेली तिची मुलगी डॉक्टरांच्या खोलीतून येऊन टेकल्या.

“दोन टाके घालायचे, झालं! कुणाला कळायचंसुद्धा नाही,” आई म्हणाली.

“ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या? तो पडदा कडेला मऊ घडीसारखा असतो, प्रत्येकीचा वेगळा. त्यावरून काहीच ओळखता येत नाही. कितीतरी जणींना पहिल्या रात्री रक्त येतच नाही.”

“त्यांना काय जातंय बोलायला! नांदायचंय तुला.”

“टाके घालूनही येईलच असं नाही म्हणाल्या.”

“हळू बोल गं. माणसं बसलीयेत.”

“आई, वहिनीला आलं नव्हतं ना?”

“तिचं इथे काय?”

“सकाळी चादर तूच उचललीस. तिला माहेरीही तूच धाडलंस. ती शपथा घेत होती, आणि तू म्हणालीस, चादर खोटं बोलत नाही.”

“पाणी दे जरा.”

बाटलीचे झाकण घट्ट बसल्यावरही कुणीतरी ते बराच वेळ फिरवीत राहिले.

“डॉक्टर खरंच सांगत होत्या? मला वाटलं, तुझं मन राखायला म्हणाल्या.”

“खरंच सांगत होत्या.”

नर्सने दार किलकिले केले. “टाक्यांसाठी कोण थांबलंय? चला.”

“आई, बोलावतायत.”

“बस खाली. वहिनीचा नंबर आहे ना तुझ्याकडे?”

“आहे. पण तुझा फोन ती उचलायची नाही.”

“तुझ्यावरून लाव.”