चार मिनिटांत आठ कोट

(कॅनडात मॅनिटोबातलं गिम्ली गाव. बालवाडीत दुपारी झोपेची वेळ. आठ मुलं चटयांवर. शिक्षिका टॅनिस फ्रीझन लहान मुलांच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर मॉन्ट्रियलहून नोकरीची मुलाखत घेणारे विश्व शैशव परिषदेचे डॉ. पेल्टिए. दारात बालवाडीच्या संचालिका सिग्रून.)

डॉ. पेल्टिए : ...कारण पहिल्या आठ वर्षांत केवळ बालकाचं नव्हे, तर अखिल मानवजातीचं भवितव्य घडत असतं, मिस फ्रीझन.

टॅनिस : अगदी खरं. एक मिनिट हं, डॉक्टर. भवितव्य बूट चाटतंय. फ्रेया, बूट खाली. जीभ आत. झोप.

डॉ. पेल्टिए : मुलाखतीसाठी स्वतंत्र खोली नाही का आपल्याकडे?

टॅनिस : आहे ना. पण आठ मुलांमागे एक शिक्षिका हजर हवी, असा इथला कायदा. मी उठले की तो मोडतो. तुमच्या अहवालात पान बेचाळीसवर या कायद्याचं कौतुक आहे.

डॉ. पेल्टिए : अहवाल वाचलात आपण?

टॅनिस : तुम्ही नाही वाचलात?

डॉ. पेल्टिए : मी... लिहिला आहे.

सिग्रून : टॅनिस, हळू बोल गं. एक उठला की आठही उठतील.

टॅनिस : तू जा ना मग.

सिग्रून : जाते कशी? तू निवडली गेलीस की माझी ही खोली बंद. या गावात दुसरी शिक्षिका मिळतेय कुठे! निदान कशी नेतात ते तरी बघू दे.

डॉ. पेल्टिए : कोण बोलतंय?

टॅनिस : आमच्या संचालिका. शिफारसपत्र यांचंच आहे.

सिग्रून : खोटं लिहायला बसले होते. जमलं नाही.

डॉ. पेल्टिए : असो. अडचण अशी की, या पदाला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. आपल्या अर्जावर छाननीत शून्य पडलंय.

टॅनिस : एकोणीस वर्षं झाली मला इथे.

डॉ. पेल्टिए : ती मुलांसोबत. आम्ही धोरणाच्या कामाची वर्षं धरतो.

टॅनिस : तीन अर्ज तुम्ही याच शून्यावर परत पाठवलेत. हा चौथा. वयाची अट पंचेचाळीसची, आणि मला येत्या मार्चमध्ये सेहेचाळीसावं लागतंय. पाचवा अर्ज येणार नाही. तेव्हा जे विचारायचं ते आत्ता विचारा. मला उत्तरं येतात.

डॉ. पेल्टिए : बरं. अल्पखर्चिक, मापनयोग्य आणि अन्यत्र राबवता येईल असा आपला एखादा उपक्रम?

टॅनिस : कोट.

डॉ. पेल्टिए : क्षमा करा?

टॅनिस : बाहेर उणे सव्वीस आहे. मी एकेकाला कोट चढवत बसले, तर आठव्याची चेन लागेपर्यंत पहिल्याला शू लागते. की उतरवा सगळं. म्हणून पोरं आपापले कोट घालतात. चार मिनिटांत आठ. वय वर्षं तीन.

सिग्रून : पाच मिनिटं. घड्याळ मी लावते.

टॅनिस : हातमोजा हरवला त्या दिवशी पाच.

डॉ. पेल्टिए : तीन वर्षांची मुलं? स्वतःच्या हातांनी?

टॅनिस : तुमचा कोट कुठाय, डॉक्टर?

डॉ. पेल्टिए : खुंटीवर. का?

टॅनिस : आणा. जमिनीवर पसरा. अस्तर वर. गळ्याची बाजू तुमच्या बुटांकडे. आता वाका, दोन्ही हात बाह्यांत घाला, आणि सगळाच्या सगळा डोक्यावरून मागे भिरकावा.

डॉ. पेल्टिए : मिस फ्रीझन, हे... थांबा. कॉलर कमरेखाली आली.

टॅनिस : येणारच. गळा पलीकडे ठेवलात तुम्ही. काही हरकत नाही, सगळ्यांचं होतं. पुन्हा.

डॉ. पेल्टिए : बसला! मिस फ्रीझन, बसला हो!

टॅनिस : बघितलं मी. आता चेन.

डॉ. पेल्टिए : अडकतेय.

टॅनिस : मी लावून देणार नाही. मी वाट बघते.

सिग्रून : एकोणीस वर्षं हाच आवाज. मोठमोठी माणसं या आवाजाला चेन लावतात.

डॉ. पेल्टिए : लागली.

टॅनिस : शाब्बास.

डॉ. पेल्टिए : हे संशोधन आपलं?

टॅनिस : छे. इकडच्या कुठल्याही बालवाडीत जा, बायका हेच शिकवतात.

डॉ. पेल्टिए : म्हणजे व्यापक प्रमाणावर सिद्ध झालेलं. उत्तमच! छाननीतलं शून्य अध्यक्षाला रद्द करता येतं. समितीचा अध्यक्ष मीच आहे, उरलेले दोन सदस्य प्रवासात असतात. आपली निवड झाली.

टॅनिस : ऐकलंस, सिग्रून?

सिग्रून : ऐकलं. ‘हिच्याशिवाय आमचं चालणार नाही’ असं लिहिलं होतं मी पत्रात. तुला ठेवून घ्यायला लिहिलं होतं गं.

टॅनिस : मला ठाऊक आहे. वाचलं तेव्हा रडले होते मी.

सिग्रून : मग जा. त्यांना कोट शिकव, मी इथे बघते काय करायचं ते. गाठ माझ्याशी आहे म्हणावं, हिला कोपऱ्यात बसवून नुसते कागद रंगवायला लावलेत तर.

डॉ. पेल्टिए : मुळीच नाही! प्रत्यक्ष मुलांमध्ये काम. तीन वर्षांचा प्रकल्प, दोनशे बालवाड्या. नाव आत्ताच सुचलं मला, ‘स्वयंपरिधान’. कोट हाच गाभा.

टॅनिस : झालं तर मग. कुठे पाठवताय?

डॉ. पेल्टिए : आफ्रिकेत, जिबूतीला. विमानाचं तिकीट सोमवारी मिळेल.

टॅनिस : सामानात काय घेऊ?

डॉ. पेल्टिए : सुती कपडे. तिथं जानेवारीतसुद्धा दुपारी एकोणतीस अंश असतं. कोट कुणाकडेच नाही.